नव्वद ते शून्य: टिल्टरोटर ॲड-ऑनच्या प्रकल्प नोंदी

११ जानेवारी २०२५

काम एक्स-प्लेन १२ या उड्डाण-सिम्युलेटरवर. टिल्टरोटर म्हणजे पंखाच्या टोकांवरचे रोटर वर वळवून हेलिकॉप्टरसारखे आणि पुढे वळवून विमानासारखे उडणारे यान. प्लेन मेकर (विमानाचे मॉडेल बनवायचे साधन) आणि फ्लायविथल्युआ (स्क्रिप्ट चालवणारे प्लगइन) एवढीच हत्यारे. मॉडेल व्ही-२२ ऑस्प्रेच्या मापाचे: रोटरचा व्यास ११.६ मीटर, प्रत्येकी ३ पाती, दोन हबांमध्ये (रोटरच्या मध्यांमध्ये) १४.२ मीटर, पंखाची कॉर्ड (पुढून मागे रुंदी) अडीच मीटर, दोन इंजिने प्रत्येकी ६,१५० अश्वशक्तीची. चाचणीचे वजन २०,००० किलो ठरवले आणि शेवटपर्यंत तेच ठेवायचे. वजन बदलत राहिले तर आकड्यांची तुलनाच होत नाही. नॅसेलचा, म्हणजे पंखाच्या टोकावरच्या इंजिन-रोटरच्या फिरत्या डब्याचा, कोन उभा ९०, आडवा ०, आणि मागे ९७.५ अंशांपर्यंत.

हाती आलेली अवस्था अशी: ९० अंशांवर हॉवर (हवेत एका जागी तरंगणे) छान, ० अंशांवर विमान छान. मधल्या ७० ते ४० च्या पट्ट्यात नाक वर उसळते, एक पंख पडतो आणि पेडल दाबले की भलतीकडेच कलते. आधी ज्याने हात लावला त्याने आर्टिफिशियल स्टॅबिलिटीचे (सिम्युलेटर आपोआप करतो त्या स्थिरीकरणाचे) आकडे वाढवत नेऊन हे सगळे झाकले होते. म्हशीला रोग आणि पखालीला इंजेक्शन. आज ते सगळे आकडे शून्य केले. क्रम असा: आधी वजन व जडत्व, मग पाती, मग आरपीएम, मग कंट्रोलचे मिश्रण. स्टॅबिलिटीला सगळ्यात शेवटी हात लावायचा.

सेटिंगमध्ये 'फ्लाइट मॉडेल्स पर फ्रेम' २ वरून ५. नाशिक शहरावरून उडताना फ्रेम २५ च्या आसपास राहतात, म्हणजे सेकंदाला १२५ वेळा गणित होते. २ वर ठेवले की हॉवरमध्ये बारीक थरथर येते आणि ती आपल्याच चुकीमुळे आली असे वाटून तासन्‌तास वाया जातात.

१२ जानेवारी

आडवा (रोल) जडत्वाचा आकडा चुकलेला होता. साध्या विमानात वजन धडात असते, इथे पंखाच्या दोन टोकांना इंजिन, गिअरबॉक्स आणि रोटर टांगलेले आहेत. प्रत्येक नॅसेल १,८०० किलो धरले (हे आमचे गृहीत). हबपासून मध्यापर्यंत ७.१ मीटर. म्हणजे नुसत्या टोकांचे जडत्व ३,६०० × ५०.४, सुमारे १,८१,००० किलो-मीटर वर्ग. उरलेल्या १६,४०० किलोसाठी २ मीटर त्रिज्या धरली की ६५,६००. बेरीज २,४७,०००, त्यातून रोलची रेडियस ऑफ जायरेशन (वजन अक्षापासून सरासरी किती लांब आहे ते) ३.५ मीटर येते. फाइलमध्ये २.१ होती. म्हणजे विमान असायला हवे त्याच्या पावणेतीन पट चपळ कलत होते, आणि तो चपळपणा दाबायला स्टॅबिलिटी वाढवलेली. ओव्हरराइडची खूण करून ३.५ भरले.

दुसरे, गुरुत्वमध्य. नॅसेल पुढे झुकले की त्यांचे वजनही पुढे सरकते. नॅसेलचा स्वतःचा मध्य बिजागरीपासून १.२ मीटर धरला तर एकूण सरक = ३,६०० × १.२ ÷ २०,००० = २१.६ सेंटिमीटर गुणिले कोनाचा कोसाइन. ६० अंशांवर १०.८ सेंटिमीटर, ० वर पूर्ण २१.६. अडीच मीटरच्या कॉर्डवर हे साडेआठ टक्के झाले, दुर्लक्ष करण्याजोगे नाही. स्क्रिप्टमधून गुरुत्वमध्याच्या डेटारेफमध्ये (सिम्युलेटरमधल्या वाचता-लिहिता येणाऱ्या आकड्यामध्ये) दर फ्रेमला लिहायला लावले.

पहिल्या उड्डाणात नाक आणखीच वर. कारण चिन्ह उलटे: एक्स-प्लेनमध्ये झेड अक्ष शेपटीकडे धन असतो, पुढची सरक उणे लिहावी लागते. दुरुस्त केल्यावर ७० ते ४० मधली नाकाची उसळी निम्म्याहून कमी.

१९ जानेवारी

पाती. टिल्टरोटरचे सगळे दुखणे पात्याच्या पिळात आहे. एकाच पात्याने हॉवरही करायचे आणि २५० नॉट्सही गाठायचे.

२५० नॉट्स म्हणजे सेकंदाला १२८.६ मीटर. विमान अवस्थेतला रोटर ३३३ आरपीएम. टोकाचा फिरता वेग २०२ मीटर प्रतिसेकंद, तेव्हा हवा येण्याचा कोन साडेबत्तीस अंश. पाव त्रिज्येवर फिरता वेग जेमतेम ५०.६, तिथे कोन साडेअडुसष्ट. म्हणजे पाव त्रिज्येपासून टोकापर्यंत ३६ अंशांचा पीळ हवा. हॉवरमध्ये मात्र पाऊण त्रिज्येवर हवा ६-७ अंशांनीच येते, तिथे एवढा पीळ मुळाजवळ पात्याला स्टॉल करतो (उचल तुटते).

प्लेन मेकरमध्ये पीळ येतो तो प्रॉपच्या डिझाइन वेग आणि डिझाइन आरपीएमवरून. जुन्या फाइलमध्ये डिझाइन वेग ४० नॉट्स होता, म्हणजे जवळजवळ हेलिकॉप्टरचे पाते. हॉवर सुरेख, पण २०० नॉट्सच्या पुढे मुळाकडचा भाग उलटा भार देऊन ब्रेक लावायचा आणि विमान २१५ वर अडायचे. उलट टोकाला २५० भरून पाहिले: वेग मिळाला, हॉवरची मागणी १,१०० अश्वशक्तीने वाढली. १७० नॉट्स आणि ३३३ आरपीएमवर तडजोड केली. समुद्रसपाटी, १५ अंश, फ्लॅप खाली: हॉवरला ८,०५० अश्वशक्ती, आडवे उडताना १०,००० फुटांवर २४८ नॉट्स.

पडताळा हाताने: थ्रस्ट (रोटरचा जोर) वजनाच्या १.१ पट (पंखावर पडणाऱ्या झोताची भरपाई धरून) २१६ किलोन्यूटन, दोन्ही चकत्यांचे (पाती फिरतात त्या वर्तुळांचे) क्षेत्रफळ २११ चौरस मीटर. प्रेरित वेग (रोटर हवा खाली ढकलतो तो) २०.४ मीटर प्रतिसेकंद, आदर्श शक्ती ४.४ मेगावॅट, फिगर ऑफ मेरिट (रोटरची कार्यक्षमता) ०.७५ धरला तर ७,९०० अश्वशक्ती. मॉडेल दीडशेने जास्त मागते, चालेल.

एक गोष्ट जुळवणी करणाऱ्याने आधीच पक्की करावी. पाऊण त्रिज्येवरचा पिच (पात्याचा कोन) हॉवरला साधारण १३ अंश, तर २५० नॉट्सला ४५ च्या आसपास. साध्या हेलिकॉप्टरचा कलेक्टिव्ह (सगळ्या पात्यांचा पिच एकदम बदलणारा दांडा) पूर्ण खेचला तरी एवढा पल्ला नसतो. म्हणून लीव्हर थेट पिचला बांधू नये. लीव्हरने शक्ती मागायची, पिच गव्हर्नरने (आरपीएम कायम राखणाऱ्या यंत्रणेने) सांभाळायचा. पिचची मर्यादा ५ ते ५५ ठेवली.

२५ जानेवारी

हॉवरला ३९७ आरपीएम, विमान अवस्थेत ३३३. टोकाचा वेग २४१ वरून २०२ वर येतो. १०,००० फुटांवर २५० नॉट्सला टोकाचा एकूण मॅक आकडा (आवाजाच्या वेगाच्या किती पट) ३९७ वर ०.८३, ३३३ वर ०.७३.

आरपीएम उतरवताना टॉर्कचा (फिरवण्याच्या जोराचा) काटा लाल पट्ट्यात जात होता. कारण सरळ: शक्ती तीच आणि आरपीएम कमी, तर टॉर्क ३९७ ÷ ३३३ म्हणजे १९ टक्के वाढणारच. आता क्रम असा: नॅसेल ० वर टेकून कुलूप लागले की २ सेकंद थांबायचे, टॉर्क ८० टक्क्यांखाली असेल तरच उतरवायला सुरुवात, ६४ आरपीएम ६ सेकंदांत. परतताना उलट: नॅसेल हलण्याआधी ३९७ झालेच पाहिजेत, नाहीतर स्क्रिप्ट नॅसेल हलवू देत नाही.

२ फेब्रुवारी

शक्ती मागण्यासाठी हाताने बनवलेला लीव्हर तयार. साध्या थ्रॉटलवर हे विमान शिकता येते, पण नॅसेलचे चाक अंगठ्याखाली नसेल तर कन्व्हर्जनमध्ये (नॅसेल ९० ते ० फिरवताना) हात कमी पडतात.

साहित्य: प्रो मायक्रो बोर्ड १, ४९ई हॉल सेन्सर (चुंबकाचे बळ मोजणारा) १, ८ × ३ मिलिमीटरचे निओडिमियम चुंबक २, ६०८ बेअरिंग २, ०.१ मायक्रोफॅरड कपॅसिटर १, अंगठ्यासाठी आपोआप मध्यावर येणारा छोटा जॉयस्टिक मॉड्यूल १ (त्याचा एकच अक्ष वापरला). बाजूच्या पट्ट्या ६ मिलिमीटर ॲक्रिलिकच्या, अंबड एमआयडीसीत लेझरने कापून घेतल्या. बेअरिंगचे भोक २२ मिलिमीटर सांगितले तर कापताना २२.२ होऊन येते आणि बेअरिंग खुळखुळते. २१.८ सांगावे आणि पॉलिश पेपरने बसवावे. इलेक्ट्रॉनिक वस्तू महात्मा गांधी रोडवर मिळाल्या.

दोन चुंबके सेन्सरच्या दोन बाजूंना, विरुद्ध ध्रुव समोरासमोर. एकच चुंबक लावले तर सेन्सरचा आलेख वाकडा येतो, लीव्हरचा मधला भाग तिखट आणि टोके मंद. चुंबक नसताना सेन्सर पुरवठ्याच्या निम्मे, अडीच व्होल्ट देतो. लीव्हर मध्यावर असताना तेवढेच यावेत म्हणून बूड थोडे फिरवून बसवले. कपॅसिटर सेन्सरच्या पायांपाशीच. बोर्डापाशी लावल्यास गोंगाट जात नाही. फर्मवेअरमध्ये ८ वाचनांची सरासरी.

घर्षणासाठी नायलॉन वॉशर आणि फेल्ट. तेल अजिबात नको. हात सोडल्यावर लीव्हर जागचा हलता कामा नये.

दिशेबद्दल: ऑस्प्रेमध्ये लीव्हर पुढे ढकलला की शक्ती वाढते. हेलिकॉप्टरच्या सवयीचा हात ती वाढवायला खेचतो. जमिनीजवळ हा गोंधळ एकदाच पुरतो. ज्यांना हेलिकॉप्टरची सवय आहे त्यांच्यासाठी दिशा उलटवण्याची सोय दिली नाही, मुद्दाम.

८ फेब्रुवारी

नॅसेलची गती मशीनगणिक बदलत होती. ३० फ्रेमवर ९० ते ० ला २३ सेकंद, ६० वर साडेअकरा. स्क्रिप्ट दर फ्रेमला ठरावीक अंश सरकवत होती, वेळेने गुणणे राहून गेलेले. आता अंश = ८ × चाकाची मागणी × फ्रेमचा काळ. पूर्ण मागणीला ९० ते ० सव्वाअकरा सेकंद, कुठल्याही मशीनवर. शेवटचे ५ अंश निम्म्या गतीने (त्यात सुमारे ०.६ सेकंद वाढतो), म्हणजे कुलुपाशी धक्का बसत नाही.

१६ फेब्रुवारी

मिश्रण, म्हणजे कोणत्या कोनाला स्टिक आणि पेडल कशाला जोडायचे ते. 'पेडल भलतीकडे कलवते' हे कोडे इथे सुटले.

९० अंशांवर: रोल म्हणजे दोन रोटरांच्या कलेक्टिव्हमधला फरक, पिच (इथे नाक वर-खाली) म्हणजे दोन्ही चकत्या पुढे-मागे, यॉ (नाक डावी-उजवीकडे) म्हणजे एक चकती पुढे आणि दुसरी मागे. ० अंशांवर: फ्लॅपरॉन (पंखाच्या मागच्या कडेचे फळे, रोलसाठी), एलेव्हेटर (शेपटीवर, पिचसाठी), दोन रडर (यॉसाठी). मध्ये काय होते ते एकेकाचे तपासले.

स्टिक डावीकडे: उजव्या रोटरचा थ्रस्ट वाढतो. नॅसेल पुढे झुकलेले असले की त्या वाढीचा काही भाग पुढे ओढतो, म्हणजे नाकही डावीकडे जाते. वळणाला मदतच. फ्लॅपरॉन नाक उलटीकडे ओढतात, ते यातून बऱ्यापैकी फिटते. हा भाग उशिरापर्यंत ठेवला तरी चालतो.

पेडल डावे: उजवी चकती पुढे, डावी मागे. ९० वर शुद्ध डावी यॉ. पण नॅसेल खाली आले की चकतीचे 'पुढे' हे जमिनीच्या दिशेने वळते. उजव्या रोटरचा थ्रस्ट खाली दाबतो, डावा वर उचलतो, आणि विमान उजवीकडे कलते. डावे पेडल, उजवा रोल. ६० अंशांवर यॉचा वाटा ०.८७ आणि रोलचा ०.५, ४५ वर दोन्ही सारखे. जुन्या फाइलमध्ये स्टिक आणि पेडल एकाच सरळ रेषेने ९० ते ० पर्यंत उतरत होते. ४५ अंशांवर पेडलचा निम्मा जोर शिल्लक, त्यातला निम्मा उलट रोलमध्ये.

म्हणून वक्र वेगळे केले. पेडलचा रोटरवरचा हिस्सा ९० ते ८० पर्यंत पूर्ण, मग घसरत ५५ वर शून्य. तोपर्यंत वेग ९० नॉट्सच्या पुढे असतो आणि रडर पकडलेले असतात. स्टिकचा हिस्सा ८० पर्यंत पूर्ण, ४५ वर ०.३५, २० वर शून्य. पिचचा सायक्लिक (चकत्या पुढे-मागे कलवणे) १० पर्यंत थोडा ठेवला, कारण ३० अंशांवर ११० नॉट्सला एलेव्हेटर एकटा नाक सांभाळत नाही.

वेगावर नव्हे, नॅसेलच्या कोनावर बांधले. वेगावरही बांधून पाहिले होते. ६० अंशांवर मंदावत आलो की दोन्ही वक्र वर-खाली डोलायला लागतात आणि पेडलाखालची ताकद येते-जाते.

पेडलची एक पायरी देऊन रोलची गती मोजली, ६५ अंश, ८५ नॉट्स: आधी उलट दिशेने सेकंदाला ९ अंश, आता दीड.

१ मार्च

हॉवरमध्ये झोत पंखावर पडून खाली दाबतो, थ्रस्टच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतका. खऱ्या विमानात फ्लॅपरॉन सुमारे ७३ अंश खाली सोडतात ते यासाठीच: पंखाचा झोताला आडवा येणारा भाग कमी होतो. मॉडेलमध्ये हे बळ प्लगइनच्या बाह्य बळाच्या डेटारेफमधून दिले: फ्लॅप खाली असताना थ्रस्टच्या १० टक्के, वर असताना १५, आणि ४० नॉट्सपर्यंत विरत शून्य. वेगाने विरवताना सरळ रेषा वापरू नये, २० नॉट्सला विमान अचानक वर उचलले जाते. एस आकाराचा वक्र घातला.

१५ मार्च

व्होर्टेक्स रिंग स्टेट, म्हणजे उतरताना रोटर आपल्याच झोतात सापडून थ्रस्ट गमावतो ती अवस्था. ८ एप्रिल २००० ला ॲरिझोनातल्या मराना इथे व्ही-२२ कोसळून १९ जण गेले ते यातच. त्यानंतर सगळ्यांच्या तोंडी असलेली मर्यादा म्हणजे ४० नॉट्सखाली मिनिटाला ८०० फुटांहून वेगाने उतरायचे नाही.

जुन्या फाइलमध्ये ९०० फुटांना रोटर कोसळायचा. मर्यादा हाच सुरुवातीचा बिंदू मानलेला. तसे नसते. ही अवस्था उतरण्याचा वेग प्रेरित वेगाच्या सुमारे ०.७ पट झाला की गाठते. आर-२२ सारख्या हलक्या हेलिकॉप्टरात प्रेरित वेग साधारण ७.३ मीटर प्रतिसेकंद, म्हणून मिनिटाला हजार फुटांना धोका. इथे चकतीवरचा भार सात-आठ पट, प्रेरित वेग २०.४, म्हणजे मिनिटाला ४,००० फूट, त्याचे ०.७ म्हणजे २,८००. मग मर्यादा ८०० इतकी खाली का? कारण इथे दोन्ही रोटर एकदम सापडत नाहीत. एक आधी सापडतो.

आकडा काढून पाहावा: एका रोटरने आपल्या १०८ किलोन्यूटनपैकी पाव भाग गमावला तर २७ किलोन्यूटन गुणिले ७.१ मीटर, भागिले जडत्व. सेकंदाला सेकंदाला ४४ अंश. एका सेकंदात २२ अंशांचा कल. हात हलेपर्यंत उशीर झालेला असतो.

स्क्रिप्टमध्ये प्रत्येक रोटरचा हिशेब वेगळा ठेवला, त्याच्या हबपाशी मोजलेल्या हवेवरून. यॉ चालू असेल किंवा बाजूचा वारा असेल तर एक बाजू आपोआप आधी आत जाते, मुद्दाम यादृच्छिक आकडा घालावा लागत नाही. थ्रस्ट जास्तीत जास्त ३० टक्के घटतो, १.५ सेकंदांच्या विलंबाने परततो.

चाचणी ६,००० फुटांवरून, वारा शून्य, जमिनीवरचा वेग १५ नॉट्स. (एवढ्या कमी वेगात एअरस्पीडचा काटा बघू नये.) मिनिटाला ८०० फुटांनी उतरताना काही नाही. १,५०० ला हलकी थरथर. २,६०० ला नाक भटकते. २,९०० ला उजवी बाजू सुटली, दीड सेकंदात ४५ अंश.

सुटका: स्टिक मध्यावर, चाक पूर्ण पुढे. २ सेकंदांत नॅसेल १६ अंश झुकतात, रोटर स्वच्छ हवेत येतो. ७०० फूट गमावून सावरले. स्टिकने पडलेला पंख उचलायला गेले तर त्याच सापडलेल्या रोटरचा पिच वाढतो आणि तो आणखी आत जातो. पाच प्रयत्न केले, पाचही वाया.

३० मार्च

ऑर्थो४एक्सपीवरून (हवाई छायाचित्रांतून सिम्युलेटरची जमीन बनवणारे साधन) नाशिकची जमीन. लक्षात ठेवायची गोष्ट एकच: २० अक्षांशाची रेषा शहरातूनच जाते. ओझर, पंचवटी, गंगापूर धरण वरच्या टाइलमध्ये (एक अंशाच्या चौकोनात). नाशिकरोड, अंजनेरी, त्र्यंबक खालच्या. दोन्ही टाइल बांधाव्या लागतात आणि दोन्हींचा झूम लेव्हल सारखा ठेवावा, नाहीतर शहराच्या मध्यात रंगाची शिवण दिसते. अंजनेरीचा कडा मेशमध्ये गुळगुळीत होतो. तेवढ्या भागापुरते स्मूदिंग शून्य केले.

२० एप्रिल

उन्हाची चाचणी. ओझर विमानतळाची उंची साधारण १,९५० फूट, तापमान ३८, दाब १००६ हेक्टोपास्कल. घनता उंची (हवेच्या विरळपणावरून ठरणारी उंची) ५,४०० फूट येते, हवा समुद्रसपाटीच्या ८५ टक्के. हॉवरची शक्ती हिशेबाने ८,५५०, मॉडेलमध्ये ८,७००. हिवाळ्यातल्या पहाटे १० अंशांना घनता उंची १,८०० च्या आत असते. तेव्हाच चाचणी आटोपली असती तर काहीच कळले नसते.

ओझर ते अंजनेरी सुमारे २२ नॉटिकल मैल. ३०० फुटांवर ९० वरून नॅसेल ७५, ६० नॉट्सला ६०, ९५ ला ३०, १२५ ला ०. विमान अवस्थेत ११० नॉट्स हा स्टॉलचा आकडा धरून १२५ च्या आत शेवटचा टप्पा घ्यायचा नाही. परतीचा क्रम धरणापाशीच सुरू.

अंजनेरीचे पठार ४,२०० फूट, ३२ अंश, घनता उंची ७,२०० च्या वर. तिथे हॉवरला ९,०५०. पठारावर १० मीटर उंचीवर ग्राउंड इफेक्टमुळे (जमिनीजवळ मिळणाऱ्या हवेच्या आधारामुळे) ७,९०० पुरते, पण कड्याबाहेर सरकताच ती मदत जाते आणि विमान ६० फूट खाली बसते. टॉर्क आधीच ९० टक्क्यांवर असेल तर कडा ओलांडू नये. नॅसेल ८० करून पुढे वेग घेतच बाहेर पडावे.

४ मे

आता कुठे आर्टिफिशियल स्टॅबिलिटी. कमी वेगाच्या रकान्यात पिच आणि रोलला जुन्या आकड्यांचा पाचवा हिस्सा, यॉला चौथा. जास्त वेगाच्या रकान्यात फक्त यॉ, तीही नाक डोलणे थांबवण्यापुरती. ६० अंशांवर हात सोडून १० सेकंद: आधी विमान उलटायचे, आता कल ४ अंश.

१८ मे

एक इंजिन बंद केले की त्या बाजूचा रोटर मंदावून विमान पलटत होते. खऱ्या विमानात पंखातून जाणारा आडवा शाफ्ट दोन्ही रोटर एकाच इंजिनावर फिरवतो. स्क्रिप्टने दोन्ही बाजूंचा टॉर्क एकत्र करून निम्मा-निम्मा वाटला. पलटणे गेले, पण शक्तीची उणीव राहतेच: ३८ अंशांना मॉडेलमधले एक इंजिन ५,३०० देते आणि हॉवरला ८,७०० लागतात. म्हणजे धावपट्टीवर धावतच उतरायचे.

ओझरची धावपट्टी ३,००० मीटर, जागा भरपूर. नॅसेल ७५, वेग ६०, मागणी ५,०५०. मिनिटाला ३०० फुटांनी खाली, टेकल्यावर नॅसेल ९० च्या मागे. ० अंशांवर टेकायचा विचारही नको, ५.८ मीटरचे पाते जमिनीत जाते. सहापैकी चार वेळा नीट उतरले. दोनदा ५० नॉट्सच्या खाली गेल्यावर मागणी ५,३०० च्या वर चढली आणि विमान धावपट्टीच्या अलीकडेच बसले. ५५ नॉट्सला कॉकपिटमध्ये इशाऱ्याचा आवाज घालायचे काम बाकी.